थोरलीला शेवटी

विभागप्रमुख त्या खोलीत कधी बसत नसत. दिवसातून एकदा डोकावायचे, दारातच उभ्या उभ्या दोन शब्द बोलायचे आणि पायाला चाकं लावल्यासारखे निघून जायचे. त्यामुळे त्या सकाळी त्यांनी कोपऱ्यातलं उंच स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि हातमोजे चढवत असलेल्या धाकटीकडे न पाहता समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहू लागले, तेव्हा तिनं अर्धवट चढवलेला हातमोजा काढून ठेवला. "ताई," ते म्हणाले, "तपासणीचं उत्तर आलं. आपल्या बाटल्यांत थोरली नाहीये." धाकटीला आधी हसूच आलं. "नाहीये म्हणजे? गेली कुठे?" असं ती विचारूनही बसली, घरातलं मांजर दिसेनासं झाल्यावर विचारावं तसं. प्रमुख हसले नाहीत. त्यांनी घसा साफ केला आणि हळूहळू सगळं सांगितलं. आजाऱ्याच्या नातेवाइकांशी डॉक्टर ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात, आणि तो आवाज धाकटीनं आयुष्यात एकदा नीट ऐकलेला होता.

थोरली म्हणजे तिची बहीण. दोघी जुळ्या; एक काही मिनिटं आधी आली म्हणून थोरली, दुसरी मागून आली म्हणून धाकटी, आणि आईनं ती काही मिनिटं जन्मभर मोजली. आधी थोरलीला, मग धाकटीला. नवा फ्रॉक, गरम पोळी, न्हाणीघरातलं ऊन पाणी, सगळं त्याच क्रमानं. नाकडोळे इतके सारखे की शेजारीपाजारी एकीला रागवायचे आणि दुसरी रडायची. पुढे धाकटी या संस्थेत पेशी वाढवायच्या कामाला लागली तेव्हा तिला कळलं की आईच्या पोटात मुळात एकच पेशी होती. ती वाढत गेली आणि अगदी सुरुवातीला कधीतरी त्या इवल्याशा गोळ्याचे दोन भाग झाले, दोघं आपापल्या वाटेला लागले. त्या दिवशी घरी जाऊन तिनं थोरलीला हे सांगितलं, तर थोरली म्हणाली, "म्हणजे तू माझीच फाटलेली बाही आहेस." थोरलीचं बोलणं असंच. आजारी पडली तेव्हाही तिनं ते सोडलं नाही. पोटातली गाठ काढणार होते, त्यातला एक तुकडा संस्थेत वाढवायला द्याल का, असं शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा पलंगावरून ती धाकटीकडे बघून म्हणाली, "न्या की. हिच्याकडेच राहीन मग. पण सांगून ठेवते, स्वयंपाकात मदत करणार नाही." त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. राहिली ती बाटलीत. चपट्या, पारदर्शक बाटलीत, गुलाबी पातळ पाण्यात, अंगाइतक्याच उबदार कपाटात. कागदोपत्री त्या पेशींना एक आकडा होता, पण संस्थेत सगळे त्यांना थोरलीच म्हणत. आधी धाकटीचं मन राखायला म्हणून आणि नंतर सवयीनं.

आता कुठल्याशा दुसऱ्या संस्थेनं थोरली मागवली होती. हल्ली पेशी द्यायच्या तर त्या खरंच त्या माणसाच्या आहेत हे तपासून द्यावं लागतं, म्हणून प्रमुखांनी मध्यंतरी तिला विचारलं होतं, "तुमच्या बहिणीचं काही आहे का हो, जुनं रक्त, केस?" आणि ती म्हणाली होती, "मी आहे की. तेच कापड." तोंडात कापसाची काडी घालून तिनं गालाच्या आतून फिरवली आणि ती काडी नळीत बंद करून दिली. हे तिनं मजेत केलं होतं. आता प्रमुख सांगत होते की नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेली सगळ्यात जुनी नळी त्यांनी काढून पाहिली. त्या पेशी उठल्या नाहीत, मेलेल्याच निघाल्या, पण त्या तुमच्याशी जुळल्या, ताई, तंतोतंत. त्यानंतरची एकही नळी जुळत नाही. चालू बाटल्याही नाहीत. "मग कोण आहे?" धाकटीनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर ठाऊक झालं. "भस्म्या," प्रमुख म्हणाले.

भस्म्या हे नाव तिनंच ठेवलेलं होतं. कुठल्या तरी दूरच्या गावी, फार पूर्वी, एका बाईच्या गाठीतून निघालेल्या त्या पेशी. निम्म्या प्रयोगशाळांत असतात तशा इथेही होत्या. त्यांना खायला घालावं तेवढं थोडं. आज बाटलीत टाकल्या तर दोन दिवसांत गुलाबी पाणी पिवळं करून ठेवतील, आणि बोट दिलं की मनगट धरणारी जात. त्यांचा एखादा थेंब दुसऱ्या बाटलीत उडाला, एकच पेशी पडली, तरी ती तिथल्या मूळच्या पेशींच्या दुप्पट वेगानं एकीच्या दोन अशी वाटणी करत सुटते आणि काही आठवड्यांत यजमानीण कुठे होती हेही सांगता येत नाही. भांडण नाही, मारामारी नाही, हूं की चूं नाही. नुसती घाई. "जगभर झालंय हे, कुणाच्याही हातून होतं," प्रमुख म्हणाले. मग स्टुलावरून उठत म्हणाले, की संध्याकाळपर्यंत सगळ्या बाटल्या मारून टाकाव्या लागतील, नाहीतर बाकीच्यांनाही धोका. दारात पुन्हा थबकले. "आज तुमची भाची येणार आहे ना? मी सांगू का तिला?" धाकटी म्हणाली, "नको. घरचं आहे ते."

ते गेल्यावर तिनं हातमोजे घातले, कारण घातलेच पाहिजेत. कपाट उघडलं, थोरलीची बाटली काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि डोळे लावले. तीच. रोज दिसायची तीच. बाटलीच्या तळाला चिकटून पसरलेल्या, टोकाटोकांनी एकमेकींना टेकलेल्या, मध्येच एखादी पाय आखडून घेऊन गोल झालेली. गोल झाली की समजायचं आता ही दोन होणार. तळ सोडून जराशी वर येते, फुगते, आतला सगळा पसारा आवरून मधोमध एका ओळीत मांडते. मग ती ओळ दोन्हीकडे ओढली जाते, निम्मी इकडे निम्मी तिकडे, काडीचीही कमीजास्त नाही, आणि कंबर आवळत आवळत एकीच्या दोघी होतात. धाकटीनं हे इतक्यांदा पाहिलं होतं की इतरांना जसा पाऊस, तसं तिला हे. नव्या मुलींना शिकवताना ती सांगायची, बायांनो, आपण सगळे एवढ्यावर चाललोय. गुडघा खरचटला की कडेच्या पेशी अशाच वाटणी करत मध्ये सरकतात आणि समोरून येणारीला खांदा लागला की थांबतात. वाढणं सगळ्यांनाच येतं. थांबणं आलं पाहिजे. आणि ते सांगताना ती बहिणीबद्दल बोलत नसे, पण ऐकणाऱ्या मुली खाली बघत.

थांबता न आलेली एकच पेशी. थोरलीच्या पोटात कधीतरी, ती हसत असताना, नाहीतर लेकीला, ठमीला, पाजत असताना, एका पेशीनं वाटणी करताना आतल्या पसाऱ्यात काहीतरी चुकवलं आणि मग ते चुकलेलंच पुढे दोन, चार, आठ करत नेलं. धाकटीच्या अंगातही तेच कापड. इतकी वर्षं आंघोळ करताना ती पोटावरून हात फिरवून बघत आली होती, दळणात खडा चाचपावा तशी, आणि काही सापडलं नाही की तिला सुटल्यासारखं वाटायचं आणि लगेच लाज वाटायची. भावोजी, म्हणजे ठमीचे वडील, एकदाच इथे आले होते. दुसरं लग्न करायच्या आधी. सूक्ष्मदर्शकात डोळा लावून बघितलं आणि कुणी तोंडात मारल्यासारखे मागे झाले. "जिनं तिला खाल्लं तिलाच तुम्ही पोसताय?" त्या वेळी धाकटीनं त्यांना कडक उत्तर दिलं होतं. म्हणाली होती, चांगल्या पेशी बाटलीत ठरावीक वाटण्या करतात, थकतात आणि मरतात. मरणं त्यांच्या अंगातच असतं. जी थकत नाही तीच राहते. मला तिच्यातलं जे राहण्यासारखं होतं तेवढंच मिळालं, भावोजी, मी काय निवडायला बसले होते का? ते उत्तर तिला स्वतःला फार आवडलं होतं. पुढे कित्येकदा एकटी असताना ती ते मनातल्या मनात पुन्हा म्हणायची. आता बाटलीतल्या त्या अनोळखी गर्दीकडे बघताना तिला वाटलं, मी भावोजींना मात्र चांगलंच गप्प केलं.

मग ती आठवत बसली. कधी, कसं, कुणाच्या हातून. कुणाच्या हातून हा प्रश्न खरं तर नव्हताच, थोरलीला दुसऱ्या कुणाचा हात ती लागू देत नसे. खोलीचा नियम तेव्हाही होता: हळू वाढणाऱ्या आधी करायच्या, अधाशी शेवटी, आणि प्रत्येकीच्या खाण्याची बाटली वेगळी. अधाशी आधी हाताळल्या तर त्यांचा एखादा शिंतोडा हातावर, झाकणावर, नळीच्या टोकावर राहून दुसरीकडे जाऊ शकतो. शेंबड्या पोरालाही समजेल असा नियम. पण धाकटी थोरलीला शेवटी घ्यायची. सकाळपासून भस्म्याचं, इतरांचं सगळं उरकायचं, हूडमधली, म्हणजे काचेआडच्या निर्जंतुक हवेच्या पेटीतली, जागा पुसायची, आणि मग दिवसाचं शेवटचं काम म्हणून थोरलीची बाटली काढायची, म्हणजे मागे कुणाची घाई नाही, निवांत बसता येतं. ताटातला आवडता घास शेवटी ठेवावा तसं. जन्मभर थोरलीचा नंबर पहिला होता, आधी थोरलीला, आधी थोरलीला, आणि इथे धाकटीनं तिला सगळ्यांत मागे ठेवलं होतं, निव्वळ मायेपोटी. दुसऱ्या कुणाच्या बाटलीशी ती अशी वागली नसती. परक्याची असती तर नियमानं पहिली घेतली असती आणि ती आज जिवंत असती.

आणि ती निवांत बसायची म्हणजे बोलायची. मोठ्यानं नाही, ओठांतल्या ओठांत. ठमीचा दात पडला गं. ठमी गणितात नापास झाली, तुझ्यावर गेली. आई गेली. ठमीला नोकरी लागली. सगळं घरातलं, उशीत तोंड खुपसून सांगावं असंही काही, हे सगळं तिनं कुणा परक्या बाईला सांगितलं होतं. तिला त्या बाईचा भयंकर राग आला. मग वाटलं, तिचंही कुणी असेल. तिलाही एखादी ठमी असेल, आणि तिच्या ठमीला कुणी बोलावून सूक्ष्मदर्शकात दाखवलं नसेल. इतकी वर्षं इतक्या बाटल्यांत, इतक्या गावांत, ती बाई खातेय आणि वाढतेय आणि तिच्याशी बोलायला एक धाकटी तेवढी मिळाली, तीही चुकून. हे वाटल्यावर राग गेला असं मात्र नाही. राग होता तिथेच राहिला आणि त्याला धरायला काही मिळेना.

ठमी दुपारी आली. हिचं खरं नाव चांगलं भारदस्त, पण लहानपणी गुबगुबीत होती म्हणून ठमी, आणि आता उंच सडपातळ झाली तरी ठमीच. दुसऱ्या दिवशी ती नोकरीसाठी परदेशी चालली होती, परत कधी येईल ते तिलाही माहीत नव्हतं. परीक्षेच्या आधी, नोकरीच्या मुलाखतीच्या आधी, असं काही मोठं असलं की ती इथे येऊन जायची. मैत्रिणी देवळात जातात, मी लॅबमध्ये जाते, असं हसून सांगायची. आली ती घाईत, खांद्यावर पिशवी, केस वाऱ्यानं विस्कटलेले. "मावशी, जेवलीस का? चेहरा बघ कसा झालाय. आई म्हातारपणी अशी वैतागलेली दिसली असती का गं?" आणि उत्तराची वाट न बघता सराईतासारखा पांढरा कोट चढवून सूक्ष्मदर्शकाशी जाऊन बसली. बाटली तिथेच होती. धाकटीनं ती उचललेली नव्हती.

"काय म्हणतेय आई," ठमी डोळे लावून पुटपुटली. "बापरे, केवढी गर्दी केलीय. ए, एक गोल झालीय बघ कोपऱ्यात." मग बाटलीवर आणखी वाकून मनातल्या मनात बोलायला लागली. ती काय बोलत असेल ते धाकटीला ठाऊक होतं, आणि ते न बोलता बोललेलं सगळं कुठे जातंय तेही. आता हिला काही न सांगताही चाललं असतं. उद्या ही जाईल. बाटल्या संध्याकाळी मारल्या जातील. वर्षभरानं फोनवर सांगता येईल की कपाट बिघडलं, पेशी गेल्या, वाईट झालं. सभ्य, साधं मरण. तेवढं रडून ठमी मोकळी होईल. धाकटीनं तो विचार पूर्ण करून पाहिला आणि त्यात काही खोट दिसेना. फक्त ठमीची पाठ तिच्यासमोर होती, मान पुढे काढून बसलेली, थोरली शिवणाच्या मशीनवर बसायची अगदी तशी, आणि त्या पाठीला आणखी एक दिवसही परक्या बाईसमोर वाकलेलं बघवेना.

"ठमे, ती आई नाही."

"हं?" ठमीनं डोळे काढले नाहीत.

"इकडे बघ. ती तुझी आई नाही. तपासलं आम्ही. दुसऱ्याच पेशी आहेत."

ठमी वळली. डोळ्यांभोवती सूक्ष्मदर्शकाच्या कडांचे वळ उठले होते. "म्हणजे बाटली बदलली? मग दुसरी काढ ना."

"सगळ्यांत तीच आहे."

"ती म्हणजे कोण?"

"कुणीतरी बाई. आपल्या ओळखीची नाही. कधीच मेलीय."

धाकटीनं सांगितलं. उडालेला थेंब, दुप्पट वेग, सगळ्यात जुनी नळी. थोरलीला शेवटी घ्यायची तेही सांगितलं, आणि ते सांगताना तिला वाटलं होतं की आवाज फुटेल, पण तो नेहमीचाच निघाला, नव्या मुलींना शिकवतानाचा. ठमी ऐकत होती. रडली नाही. एकदा तिनं हात पुढे करून बाटलीला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. मग धाकटीच्या तोंडाकडे बघत राहिली, इतका वेळ की धाकटीला स्वतःचा गाल आतून झोंबायला लागला, जिथून काडी फिरवली होती तिथे.

"मग आई कधी गेली?" तिनं विचारलं.

"तुला माहितेय ना, तू चार वर्षांची—"

"ते नाही. इथून. इथून कधी गेली?"

धाकटीला वाटलं होतं की ठमी विचारेल कसं, का, तुला कळलं कसं नाही. त्यांची उत्तरं तिनं सकाळपासून जुळवून ठेवली होती. या प्रश्नाचं उत्तर मात्र न शोधताच समोर येऊन उभं राहिलं, आणि इतका वेळ ते तिथेच होतं, आपण त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो, हे तिला कळलं. पहिले काही महिने थोरली बाटलीत रुसून होती. वाढायची नाही, तळाला नीट चिकटायची नाही, एकेक पेशी सुटून पाण्यात तरंगायची. तेव्हाचे साहेब म्हणाले होते, द्या सोडून, हिच्यात काही जीव नाही. धाकटीनं सोडलं नाही. डोळ्यांत तेल घालून ती बसायची, पाणी बदलायची, ऊब राखायची, विनवण्या करायची. आणि मग एका आठवड्यात चमत्कार झाल्यासारखं झालं. थोरलीनं बाळसं धरलं. सकाळी बघावं तर निम्मा तळ भरलेला, परवा बघावं तर जागा नाही. त्या दिवशी धाकटी खोलीखोलीत सांगत सुटली होती, सगळ्यांना स्वतः चहा करून पाजला होता. घरी जाताना धावत जिना चढली होती. आणि दारात उभ्या असलेल्या ठमीला उचलून, कडेवर घेऊन, घरभर गरगर फिरवत ओरडली होती, वाचली, आई वाचली! ठमीची आजी स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली होती आणि काही न समजताच हसत होती.

"आई वाचली म्हणून मी ओरडत घरी आले, त्या आठवड्यात," एवढंच ती ठमीला म्हणाली. पण ठमीच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू सरकत होतं; चार वर्षांच्या पोरीला काय आठवणार असं आपण म्हणतो, पण आनंद तिला आठवत असतो, बऱ्याचदा तेवढाच आठवतो.

धाकटीनं बाटली उचलून बेसिनपाशी नेली. झाकण काढलं. जंतुनाशकाचा कॅन वाकडा केला तेव्हा त्या उग्र वासानं दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं. गुलाबी पाणी क्षणभर जांभळट झालं आणि मग त्याचा रंगच गेला. ठमी जवळ येऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लागेल इतकी.

"आपण नाचलो होतो ना गं त्या दिवशी," ती म्हणाली.

"हो," धाकटी म्हणाली, आणि दुसरी बाटली आणायला गेली.